पत्र्याला काकांची हरकत

माझ्या मावशीला सगळा गाव इंदो तासिक म्हणतो, म्हणजे तासिकची आई. आमच्या तोराजात, म्हणजे इंडोनेशियातल्या या डोंगराळ मुलखात, पहिलं पोर झालं की आईबापांची स्वतःची नावं अडगळीत जाऊन पडतात. मी एकदा तिला तिचं खरं नाव विचारलं, तर तिला आठवायलाच वेळ लागला. वर "नसत्या चौकशा कशाला रे?" म्हणून ती माझ्यावरच उखडली.

मावशी बाजारात भाजलेली कॉफी विकते. गिऱ्हाइकाशी एक शब्द जास्त बोलत नाही. घासाघीस करणाऱ्याकडे अशी बघते की माणूस ओशाळून भाव वाढवून देतो. दिवसभराचं बोलणं ती साठवून घरी नेते आणि संध्याकाळी काकांपाशी ओतते. काका म्हणजे अंबे तासिक, तासिकचे वडील. ते तिच्याहून बोलके. लग्न झाल्यापासून दोघं संध्याकाळी कॉफी घेऊन बसायची. पाऊस असला तर मग विचारायलाच नको. बांबूच्या जाड छपरात पाऊस नुसता मुरत राहायचा, त्याचा आवाज असा नाहीच, आणि खाली या दोघांची बडबड.

सध्या काका आजारी आहेत. बरीच वर्षं आजारी आहेत. श्वास घेत नाहीत, जेवत नाहीत, आरोग्यकेंद्रातल्या बाईंनी शरीर टिकून राहायची सुईसुद्धा दिली आहे, पण आजारीच. अंत्यविधीला कापायचे रेडे जमले, नातेवाईक जमले, मांडव पडला आणि पश्चिमेकडचं डोकं दक्षिणेला फिरवलं, की मग माणूस गेला. तोवर त्याला सकाळी कॉफी, दुपारी भात आणि मधून मधून सिगारेट. खोलीत शिरताना परवानगी मागायची. बाहेरचे लोक हे ऐकून डोळे मोठे करतात. करू देत. मावशीसमोर मात्र कोणी 'वारले' हा शब्द काढत नाही, कारण ती चुलीतलं लाकूड घेऊन अंगावर येते.

आणि काका बोलतातही. म्हणजे मावशीशी. ती काही म्हणते, थांबते, मान हलवते, "छे, तसं नव्हतं ते" असं म्हणते आणि पुढे बोलते. मग आम्हाला निरोप मिळतात.

"ते म्हणतात, रांतेचं पोट सुटलंय."

रांते म्हणजे मी. काकांच्या नावावर माझा असा उद्धार कित्येक वर्षं चाललाय, आणि आजारी माणसाला उलट बोलायची सोय नाही.

भानगड झाली ती छपराची. मावशीचं घर म्हणजे आमच्या अख्ख्या कुळाचं मूळघर, दोन्ही टोकं आभाळाकडे उचललेलं, पुढच्या खांबावर पणज्या-खापरपणज्यांनी कापलेल्या रेड्यांची शिंगं. त्याच्या बांबूच्या छपरावर आधी शेवाळ धरलं, मग नेचे उगवले, आणि मग पपई. चांगली फळं धरलेली पपई! पण ती काढायला कोणी वर चढेना, कारण छप्पर इतकं कुजलं होतं की कावळासुद्धा बसताना विचार करायचा. आणि ते गळायचं कुठे, तर नेमकं काकांच्या अंगावर. मावशीने आधी घमेलं ठेवलं, मग प्लास्टिक लावलं, आणि शेवटी माझी छत्री नेली. चांगली मोठी, काळी, लाकडी मुठीची छत्री. ती काकांच्या डोक्यावर बांधून टाकली आणि मी चर्चला भिजत जाऊ लागलो.

"मावशी, माझी छत्री कधी देतेस?"

"आजाऱ्याच्या डोक्यावरून छत्री काढू? लाज नाही वाटत?"

नवं छप्पर बांबूचंच घालायचं, तर आमच्या बांबूच्या बेटाला फुलोरा आला आणि अख्खं बेट वाळून गेलं. शेजारच्या गावांतला बांबू अंत्यविधींच्या मांडवांतच संपतो. तेव्हा उरला पत्रा. आता अर्ध्या खोऱ्याने पत्रेच घातलेत, त्यात काही जगावेगळं नाही. पण आजारी पडायच्या आधी काकांनी भर बैठकीत ठणकावून सांगितलं होतं, "मी या घरात असेपर्यंत वर पत्रा चढणार नाही. पत्र्याखाली पाऊस पडला की माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. नवराबायकोने काय एकमेकांची तोंडं बघत बसायचं?"

आणि काका अजून घरात आहेत.

मग भाताच्या कोठीखालच्या ओट्यावर बैठक बसली. ने लायुक, म्हणजे लायुकचे आजोबा, आले. रीतिभाती सगळ्या त्यांच्या जिभेवर, दात एकही नाही. मी म्हटलं, "आजोबा, आता कसली हरकत? ज्यांनी सांगितलं ते तर..." आणि मावशीकडे बघून गप्प झालो.

"ते तर काय?" आजोबा म्हणाले. "आजारी आहे ना अंबे तासिक? मग घराचा कर्ता तोच. कर्त्याचा शब्द मोडून छप्पर घालायचं?"

"समजा आजारी नसले तर?"

"म्हणजे गेला म्हणतोस? मग तर बोलणंच खुंटलं. छपराचं काम जिवंतांकडचं, त्याची मेजवानी उगवतीची, अंत्यविधी मावळतीचा. गेलेला माणूस घरात असताना उगवतीचं काम काढलंस तर भाताला कीड लागेल, आणि मी तुझ्या दारात येऊन शिव्या देईन."

"मग आधी अंत्यविधी करून टाकू."

"या छपराखालून? हजार माणसं येणार आणि पपईखालून अंबे तासिकला बाहेर काढणार? कुळाची अब्रू आहे का नाही?"

म्हणजे छपरासाठी अंत्यविधी हवा, अंत्यविधीसाठी छप्पर हवं, आणि या सगळ्यात काका भिजतायत. मी कपाळाला हात लावला. आजोबांनी मात्र पान जमवलं. प्रश्न नीट अडकला की ते खुशीत येतात.

तासिक पापुआतल्या खाणीत कामाला. त्याने फोनवरूनच वडिलांना विचारायचं ठरवलं. मी फोन काकांच्या तोंडासमोर धरून उभा राहिलो.

"बाबा, पत्रा घालू ना?" तासिक ओरडला. मग जरा वेळाने म्हणाला, "रांते, चित्र अडकलंय रे. नेटवर्क गेलं वाटतं."

"नेटवर्क आहे," मी म्हटलं. "ते तसेच आहेत."

तासिक फोनवरच रडायला लागला. मग मावशी त्याला समजावत बसली, आणि माझा हात भरून आला तरी फोन खाली घ्यायची सोय नाही.

आता खरं सांगायचं, तर या तिढ्यातून सुटका एका माणसाच्या हातात होती. काकांचं बोलणं ऐकू येतं फक्त मावशीला. तिने एकदा 'हो म्हणाले' म्हटलं असतं, तर आजोबांसकट सगळा गाव सुटला असता. मी तिला बाजाराच्या वाटेवर गाठलं.

"मावशी, सांगून टाक ना, हो म्हणाले म्हणून."

"नाही म्हणाले ते."

"कधी?"

"काल संध्याकाळी. परवाही."

"अगं, पण थोडं इकडचं तिकडं..."

ती वाटेतच थांबली. डोक्यावरची कॉफीची टोपली खाली ठेवली. "त्यांच्या तोंडी खोटं घालू? रांते, तुला काय वाटतं, छप्पर झालं की काय होईल? तासिक येईल, रेडे येतील, डोकं फिरवतील आणि कड्यातल्या थडग्यात नेऊन ठेवतील. तुम्ही सगळे जेवून आपापल्या घरी जाल. संध्याकाळी मी कोणाशी बोलू? त्या शिंगांशी?"

मी टोपली उचलायला गेलो, तर "पोट सांभाळ आधी" म्हणाली आणि स्वतःच उचलून चालू लागली.

एका दुपारी पपई पडली. एकटी नाही, छपराचा मोठा तुकडा, नेचे, चिखल, एक गांडूळ अशा सगळ्या लवाजम्यासकट काकांच्या छातीवर. छत्रीमुळे तोंड वाचलं, हे मावशी मला पुढे अनेकदा ऐकवणार होती. मी धावत गेलो तेव्हा ती काकांचा सदरा पुसत होती. इतकी घाबरलेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

"यांना लागलं असतं रे," ती म्हणाली. "सांग आजोबांना, काहीतरी काढा म्हणावं वाट."

आजोबांनी वाट काढली. आजारी माणसाला हवापालटाला नेता येतं, याला कुठल्याच रीतीची ना नाही. काकांना पत्र्याच्या घरात न्यायचं. तिथे त्यांनी काही दिवस कुरकुर न करता काढले, तर त्यांनी हरकत मागे घेतली असं समजायचं. पत्र्याचं घर कोणाचं? माझं! माझ्या घराची परीक्षा, आणि मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

काकांना वेताच्या डोलीत घालून ओढ्यापलीकडे माझ्याकडे आणलं. वाटेत जो तो विचारी, "कुठे निघाले अंबे तासिक?" आणि मावशी छत्री धरून ऐटीत सांगे, "हवापालटाला!" लोकही म्हणाले, "बरं केलंत, चेहरा उतरलाय त्यांचा."

काकांना आमची चांगली खाट मिळाली. मी आणि बायको स्वयंपाकघरात जमिनीवर. बायकोने हौसेने बांबूच्या नळीत डुकराचं मांस शिजवलं, तर मावशी म्हणाली, "ते म्हणतात, आणखी जरा शिजायला हवं होतं." बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या रात्रीपासून काकांपुढे नुसता भात.

आजोबा रोज यायचे, काकांच्या उशाशी बसून सिगारेट पेटवायचे, एक त्यांना, एक स्वतःला. "काय अंबे तासिक, झोप लागते ना? पत्र्याचा काही त्रास?" मग कान देऊन थांबायचे आणि आम्हाला म्हणायचे, "तक्रार नाही."

मावशीला विचारलं, तर ती म्हणाली, "ते काही बोलले नाहीत त्याबद्दल." हे मात्र खरं असावं. तिने खोटं घालायचंच नाही असं ठरवलं होतं, आणि काकांना तरी तक्रारीला कारण काय? कडक उन्हाळ्याचे दिवस. पत्र्यावर आवाज झालाच तर एखाद्या मांजराचा. परीक्षा पावसाची आणि पाऊसच नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर खाट परत मिळणार म्हणून खुशीत होतो.

मूळघरावर पत्रे चढले आणि काका डोलीतून परत आले. दोन्ही टोकांना वाकवताना सुतारांनी जे शब्द वापरले, ते आजोबांनी मंत्रांनी झाकून टाकले. डुकरं कापली, उगवतीकडे तोंड करून मेजवानी झाली, आणि आजोबांनी भाषणात मोठ्या मनाने परवानगी दिल्याबद्दल यजमानांचे आभार मानले. यजमान आतल्या खोलीत पडून होते. छत्री आता कोरड्या खोलीत उघडीच टांगलेली होती.

"मावशी, आता तरी?"

"राहू दे. त्यांना सवय झालीय."

मग पाऊस आला. मी कोठीखालच्या ओट्यावर पान खात बसलो होतो. आधी चार थेंब पडले, मग जणू डोंगरावरून कोणी खडी ओतली. मूळघरावरून असा आवाज निघाला की कोंबड्या घाबरून माझ्या पायांत घुसल्या. मावशी नेहमीच्या वेळी कॉफी घेऊन आत गेलेली मला दिसली.

उघड्या दारातून ती दिसत होती. ती बसली, काहीतरी बोलली, थांबली. मान हलवली नाही. पुन्हा बोलली, आणि वाकून कान काकांच्या तोंडाजवळ नेला. कितीतरी वेळ तशीच राहिली. मग सरळ होऊन ती काकांवर ओरडली. सबंध आयुष्यात मी तिला नवऱ्यावर ओरडताना ऐकलं नव्हतं, आणि आताही ऐकलं नाहीच. नुसतं तोंड उघडलेलं आणि गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. ओरडून तिने परत कान खाली नेला.

मला उठून जावंसं वाटलं. पण मी जाऊन काय करणार होतो? त्यांच्या बोलण्यात मी कधी नव्हतोच.

पाऊस सरला. पागोळ्या गळायच्या थांबल्या तरी ती आत बसून होती. मग बाहेर आली. कॉफीचा पेला तिने अंगणात उपडा केला.

"काय म्हणाले काका?" मी विचारलं.

"काही नाही म्हणाले!" ती एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकलो. "पाऊस थांबल्यावरसुद्धा काही नाही म्हणाले! तासिकला फोन लाव. रेडे जमव म्हणावं. यांचं डोकं दक्षिणेला करायचंय!"

मी मान हलवली. ती परत आत गेली, छत्री सोडून घेऊन आली, नीट मिटली, पट्टी लावली आणि माझ्यासमोर धरली.

"ही घे तुझी छत्री!"

आता आवाज कसलाच नव्हता. तरी मावशी ओरडूनच बोलत होती.