माह्या मापाचे कपडे

"हिच्याकडे पाहा," मॅडम म्हणाल्या. "असं यायचं नाही शाळेत."

हिच्याकडे म्हणजे माह्याकडे. मले त्यायनं स्टेजवर बोलावून उभं केलं होतं. खाली शाळेतले सगळे मास्तर, सगळ्या बाया. माह्यासोबत रोज डबा खाणारे.

दारव्ह्यातल्या एका खाजगी शाळेत मी सायन्स शिकवते. मॅडम म्हणजे संस्थेच्या अध्यक्षायची बायको. कागदावर त्या कोणीच नाहीत. पण खडूचा डबा घ्यायचा तरी त्यायले विचारावं लागते. त्या दिवशी त्यायनं आमचं शिबिर ठेवलं होतं. 'शिक्षिकेचं कपाट.' पडद्यावर चित्रं येत होती. एक सिल्कची साडी. एक पांढरा शर्ट. एक काळी पॅन्ट. एवढं कपाटात असलं की बाई कुठेही शोभते, म्हणे. मग काय शोभत नाही ते दाखवायचं होतं. त्याचं चित्र नव्हतं. मी होती.

सलवारीले चिखल होता. ओढणी कमरेले बांधलेली. पायात रबरी बूट.

"हे बूट कशाला?"

"गाडी चिखलात फसते मॅडम. ढकलावी लागते."

लोक हासले. माहं गाव पंधरा किलोमीटरवर. शेवटचा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात तिथून स्कूटी काढून पाहावी त्यायनं एकदा.

"स्वच्छतेची सवय घरातून येते," मॅडम म्हणाल्या. मग माह्याकडे पाहून, "काही घरांत नसते. त्यांचा दोष नाही."

कोणती घरं, ते सगळ्यायले समजलं. माहं आडनाव सगळ्यायले पाठ होतं.

मग त्यायनं पिशवीतून एक साडी काढली. अबोली रंगाची, गुळगुळीत. सगळ्यायसमोर माह्या हातात दिली. "माझीच आहे. दोनदाच नेसलेय. आता तू नीट दिसशील."

अन् मी म्हटलं, "थँक्यू मॅडम."

ते दोन शब्द मले अजून टोचतात. काहून म्हटलं मी? बी.एस्सी., बी.एड. झालेली बाई मी. पण घ्यायची सवय हाडात होती. माही माय गावच्या मोठ्या घरी झाडलोट करे. दर दिवाळीले तिथून गाठोडं येई. त्यायच्या पोरीचा फ्रॉक, त्यायच्या पोरीचं स्वेटर. चौथीत असताना त्या पोरीनं भर वर्गात मले म्हटलं, "गोल फिर. मांगं शाईचा डाग हाय. तो माहाच डाग होय." मी फिरली. सांगतलं म्हणून फिरली. घरी येऊन रडली त माय म्हणे, "नाई म्हणू नको बाई. उद्या कामावर घेणार नाईत."

सोमवारी मी मॅडमची साडी नेसून गेली. स्टाफरूममध्ये एक बाई ओरडली, "अगं, ही तर मॅडमची! वास्तुशांतीला नेसल्या होत्या." मग एकेक जण येऊन पदर चिमटीत धरून पाहे. साडी पाहत होते. मी त्यात होती, हे कोणाच्या ध्यानातही नव्हतं.

तिसरा तास नववीचा. प्रयोगशाळेत. टेबलावर स्पिरीटचा दिवा पेटवलेला. मी फळ्याकडे वळली अन् पदराची पिन निसटली, पदर दिव्यावर गेला.

"टीचर, पदर!" पोट्ट्या ओरडल्या.

एका पोट्टीनं पाण्याची बादली उचलून माह्या अंगावर ओतली म्हणून वाचली. ते सिंथेटिक कापड नुसतं जळत नाही. वितळते. कातडीले चिकटते. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलून निघाला. आरडाओरड ऐकून मॅडम आल्या. मले वाटलं, हात पाहतील. त्यायनं दोन बोटांनी पदर उचलला.

"वाट लावली साडीची. तुम्हाला चांगलं देऊन उपयोगच नाही."

तोवर त्या मले 'तू' म्हणत होत्या. हे 'तुम्हाला' मानाचं नव्हतं. त्यात माही माय होती. आमचा अख्खा बौद्धपुरा होता.

"मॅडम," मी म्हटलं, "हात माहा जळला."

"हो, मग? मलम लाव."

तिथं माह्यात काहीतरी खटकन् तुटलं. रडू आलं नाही. मी खेळाच्या बाईंचा जुना ट्रॅकसूट मागितला, पोरींच्या बाथरूममध्ये जाऊन घातला. ओली, जळकी साडी घेऊन ऑफिसात गेली. मॅडम मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मुख्याध्यापक बाजूले उभे. मी साडी त्यायच्या टेबलावर ठेवली. फाइलींवरच. पाणी निथळत होतं.

"ही तुमची. यापुढं कोणाच्या अंगावरचं उतरलेलं मी घेणार नाई."

ट्रॅकसूटही मंग धुऊन, घडी करून परत केला. तो मी मागून घेतला होता. दान नव्हतं.

पंधरा दिवस हाताले पट्टी. घरी बसून मी माही पेटी उपसली. ड्रेस, साड्या, सगळं खाटेवर टाकलं. कोणाच्या लग्नातला आहेर. कोणीतरी रंग आवडला नाही म्हणून दिलेलं. मावशीले घट्ट झालेलं. मी स्वतःसाठी, स्वतः पाहून घेतलेलं त्यात एकही नव्हतं. तिसाव्या वर्षी मले हे समजलं. पहिल्यांदा मले मॅडमचा नाही, माहा राग आला.

मग मी विचार केला, माहा दिवस कसा असते? पहाटे पाणी भरा. चिखलातून गाडी काढा. आठ तास उभं राहा. ॲसिड, दिवा, खडू. येताना मायले दवाखान्यात न्या. या दिवसात जे टिकते तेच कपडे माहे. बाकी सगळं पडद्यावरच्या बाईचं.

बाजाराच्या दिवशी कापड घ्यायले गेली. दुकानदार म्हणे, "प्युअर कॉटन आहे, ताई." मी एक धागा काढला, बाहेर जाऊन काडी लावली. राख झाली, सिंथेटिकसारखी गोळी झाली नाही. तेव्हा घेतलं. मग टेलरचाचाकडं.

"बेटा, लेडीज ड्रेसले इतके खिसे कायले?" चाचानं विचारलं.

"चाबी, मोबाईल, खडू, रुमाल. हात मोकळे पायजेत, चाचा."

"और ओढनी का कपडा?"

"ओढणी नाई."

चाचानं चष्म्यावरून माह्या हाताकडं पाहिलं. माप घेतलं. माह्या अंगाचं असं पुरं माप पहिल्यांदाच कोणी घेत होतं.

तीन कुर्ते. गुडघ्यापर्यंत, बाही अरुंद, गळा बंद. दोन गडद पॅन्टा, घोट्याच्या वर. कोणताही कुर्ता कोणत्याही पॅन्टवर चालते. प्रयोगशाळेसाठी एक पांढरा जाड कोट. लग्नाकार्याले अन् जयंतीले एक सुती साडी, माह्या पसंतीची. बूट तेच रबरी. बस. पेटीतले जुने कपडे माही माय म्हणे वाटून टाक. मी म्हटलं, आपल्याले नको ते दुसऱ्याले कायले? फाडून पोछे केले.

नवा कुर्ता घालून शाळेत गेली, त्या पहिल्याच दिवशी हातात नोटीस आली. 'साडी किंवा ओढणीसह पंजाबी ड्रेस अनिवार्य.' मी लेखी विचारलं, हा नियम कोणत्या ठरावानं झाला? अन् प्रयोगशाळेत माहा हात कशानं जळला, त्याची नोंद कुठं आहे? उत्तर आलं नाही. माह्याकडचं नववीचं वर्गशिक्षकपद मात्र काढून घेतलं. स्टाफरूममध्ये माह्याजवळची खुर्ची रिकामी राहते. मॅडमनं व्हरांड्यात अडवून सांगतलं, "तुझ्यासारख्या दहा मिळतील."

मायले सांगतलं त ती भ्याली. "नोकरी जाईन, बाई."

"जाईन."

"मंग?"

मी दुसऱ्या दिवशीच्या कुर्त्याले इस्त्री करायले घेतली.

काल दुसरी नोटीस आली. वर्तन उद्धट आहे, खुलासा करा. खुलासा मी लिहून ठेवला आहे. 'माझ्या अंगावर काय असावे हे मी ठरवते. मला काढायचे असेल तर कारण लिहून नोकरीवरून काढा. राजीनामा मी देणार नाही.'

सकाळी मी तो घेऊन जाणार. शिपायाजवळ देणार नाही. मॅडमच्या हातात देणार, अन् शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.