पोडार्सेसचा मोठा भाऊ

माझी लेक सहावीत आहे. ग्रीक पुराणकथांच्या प्रोजेक्टसाठी त्यांच्या वर्गात चिठ्ठ्या काढल्या. कुणाला देवांचा राजा मिळाला, कुणाला समुद्राचा देव, आणि आमच्या कन्येच्या नशिबी आला पोडार्सेस. शाळेतून घरी आली तीच फुरंगटून.

"आई, ही इज लिटरली नोबडी. तो फक्त कुणाचातरी भाऊ आहे!"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या लायब्ररीतून आणलेल्या दोन जाडजूड पुस्तकांत मिळून त्याच्या वाट्याला चार ओळी आल्या होत्या. त्याच्या घराण्याची गोष्ट मात्र मी पोळ्या करायच्या सोडून वाचत बसले. आजोबा राजे होते. एकदा मेंढे खच्ची करताना त्यांनी रक्तानं भरलेली सुरी आपल्या लहानग्या मुलाशेजारी ठेवली. पोर असं भेदरलं की मोठेपणी त्याला मूल होईना. मग एका जाणत्यानं त्याच सुरीचा गंज खरवडून दहा दिवस दारूतून पाजला, तेव्हा कुठे वंश वाढला. दोन मुलगे झाले. थोरला ट्रॉयच्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या आधी उतरला आणि सगळ्यांच्या आधी मेला. त्याची चाळीस जहाजं धाकट्याच्या गळ्यात पडली. तो धाकटा म्हणजे हा पोडार्सेस.

आजोबांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. सुरी कुठेतरी ठेवायची होती, ठेवली. माझं मन तिथेच अडकलं, कारण तशी एक चूक माझ्याही हातून झालेली आहे.

प्रोजेक्टचा दुसरा भाग होता स्वतःचा वंशवृक्ष. शनिवारी सकाळी तिनं डायनिंग टेबलवर पसारा मांडला. मी पोहे परतत होते, नवरा चहा घेत बसला होता. आमच्या दोघांच्या नावांखाली तिनं दोन चौकोन काढले. एकात स्वतःचं नाव लिहिलं आणि दुसऱ्यावर पेन्सिल टेकवून विचारलं, "व्हॉट डू आय राइट हिअर?"

तिच्या आधी दोन वर्षं आम्हाला मुलगा झाला होता आणि तो गेला, एवढं तिला माहीत आहे. त्यापलीकडे या घरात कुणी बोलत नाही. हा न बोलण्याचा नियम माझाच.

त्याच्या हृदयात दोष होता. जन्मल्या दिवसापासून तो काचेच्या पेटीत होता. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधली बाई जन्मदाखल्याचा फॉर्म घेऊन आली आणि नाव विचारलं. मी ऐटीत सांगितलं, आमच्याकडे बाराव्या दिवशी बारसं होतं, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्याआधी नाव ठेवत नाहीत. नवरा म्हणाला, "अगं, टाक ना काहीतरी, नंतर चेंज करू." मी ऐकलं नाही. नागपुरात असताना मी एक उपास कधी धड केला नाही, पण इथे ओहायोत येऊन मला रीतभात सुचली. त्याची आत्या, म्हणजे माझ्या नणंद, ताई, बारशासाठी मुद्दाम नागपूरहून आल्या होत्या. नाव ठरवून आल्या होत्या आणि कुणाला सांगत नव्हत्या. ती फॉर्मवाली बाई आणखी दोनदा येऊन गेली. मी दोनदा तिला बारावा दिवस सांगितला.

बाळ नवव्या दिवशी गेलं. कागदोपत्री तो 'बेबी बॉय' आहे आणि पुढे आमचं आडनाव. ताई नाव घेऊन परत गेल्या. मी त्यांना कधी विचारलं नाही. कोणत्या तोंडानं विचारणार? त्या नावाला नऊ दिवस होते आणि मी ते अडवून धरलं होतं.

"ताईला विचारू या," नवरा म्हणाला. मी झारा आपटला. "काही गरज नाही. बेबी बॉय लिही आणि मोकळी हो," मी लेकीला म्हटलं. नवऱ्यानं तोवर नागपूरला फोन लावून स्पीकरवर टाकला होता.

विचारलं शेवटी लेकीनंच, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत. मग ताई म्हणाल्या, "तुझी आई आहे का गं जवळ?"

"आहे, ताई," मी म्हटलं.

"रागावू नकोस. मी त्याला सांगितलं होतं नाव."

मला कळेना.

"आठव्या दिवशी. तू दूध काढायला आतल्या खोलीत गेली होतीस. मला दिसत होतं, याचा बारावा काही उजाडत नाही. नर्सला खुणांनी सांगितलं, तिनं पेटीची बाजू उघडून दिली. कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र केलं. पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं, मग तिलाच म्हटलं, घाल बाई हळूच. घातला बिचारीनं. तुला सांगणारच होते, पण तू कुणाला काही बोलूच दिलं नाहीस."

मी खुर्चीत बसले. आधी खरंच राग आला. माझ्या मुलाचं बारसं झालं आणि मी तिथे नव्हते. मग रडू आलं, तेरा वर्षांत आलं नव्हतं इतकं. पोहे खाली लागले. नवऱ्यानं उठून गॅस बंद केला. बिननावाचा गेला, माझ्यामुळे गेला, हे मी इतकी वर्षं धरून बसले होते. आणि तो नाव ऐकून गेला होता.

"आत्या, सो व्हॉट इज इट?" लेकीनं विचारलं.

ताईंनी सांगितलं. लेकीनं स्पेलिंग विचारून चौकोनात लिहिलं. मी उठून जिन्यापाशी गेले आणि वरच्या खोल्यांकडे तोंड करून त्या नावानं हाक मारली. तेरा वर्षांच्या मुलाला नाश्त्याला बोलावतात, तशी. लेक पेन्सिल थांबवून ऐकत होती. वरून ओ आली नाही.