सेटवरची परकी बाई

क्रेनच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला खालचं सगळं दिसतं, असा लोकांचा समज आहे. डोंबल! इमारतीची मागची बाजू मला दिसतच नाही, आणि निम्मा माल तिथेच उतरतो. तिथे माझे डोळे म्हणजे ताई. हातात वॉकीटॉकीचा सेट धरून ती सांगायची आणि मी लोखंड खाली सोडायचो. अशी अकरा वर्षं. तिचा चेहरा दिवसातून दोनदा दिसायचा, आवाज मात्र दिवसभर कानात. बायकोचंही मी इतकं ऐकलेलं नाही, असं बायकोच म्हणते.

ताईची मोजणी ठरलेली. माल जमिनीपासून हातभर राहिला की ती सुरू करायची, "पाच, चार, तीन, दोन..." मग एक श्वासभर गप्प, मग "एक, टेकव." तेवढ्या वेळात ती वाकून बघायची, मालाखाली कुणाचा पाय तर नाही ना. सुरुवातीला मी वैतागायचो. "एक म्हणायला मुहूर्त काढतेस का?"

"पाय तुझा नाही ना दादा, म्हणून तुला घाई," ती म्हणायची.

आमच्या कामाचा एक नियम आहे. सेटवर अनोळखी आवाज आला की दांड्यावरचा हात काढायचा, माल असेल तिथे थांबवायचा. कुणी कितीही सांगो.

त्या सकाळी दोन टनांची लोखंडी तुळई मागे उतरवत होतो. "थोडं डावीकडे, दादा," ताई म्हणाली. मग नुसती खरखर. आणि मग सेटवर भलतीच बाई बोलायला लागली. शब्द आपलेच, पण समुद्रापलीकडच्या कुणी पुस्तकावरून शिकावेत तसे. नको तिथे जोर, नको तिथे हेल. "दादा, खाली घे."

मी हात काढला. तुळई लटकत राहिली. "कोण आहेस? सेट ताईकडे दे."

"मीच आहे, दादा."

माझं डोकंच फिरलं. "नाटकं बंद कर! ताई कुठे आहे?" पुढे नको नको ते बोललो. ती रडायला लागली, तर म्हटलं, वर रडतेस? शेवटी फाटकावर कळवलं की सेट कुणीतरी पळवलाय, त्या बाईला धरा.

रखवालदार धावत गेला. सेटवर त्याची धाप ऐकू आली. "इथे परकं कुणी नाही हो. ताईच आहे."

"मग बोलतंय कोण?"

"ताईच बोलतेय. तोंड जरा वाकडं झालंय तिचं."

मेंदूत गुठळी अडकलेल्या बाईला मी वीस मिनिटं शिव्या घालत बसलो होतो.

ताई वाचली. तोंडही सरळ झालं. आवाज मात्र तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, जीभ आणि ओठ हलवण्याचा मेंदूतला ताल बिघडलाय, फार क्वचित होतं असं. तिला परकी भाषा वगैरे काही आलेली नाही, आपल्या कानांना तसं वाटतं. पण कानांना कोण समजावणार? पंधरा वर्षं जिथून सामान भरलं, त्या दुकानदाराने तिला विचारलं, "मॅडम, आमची भाषा छान बोलता. कुठल्या तुम्ही?" शेजारीण एकेक शब्द तोडून मोठ्याने बोलायला लागली. सासू तेवढी म्हणाली, "परदेशी झालीस तरी भाजी तूच चिरायची, सूनबाई." त्यावर ताई हसली म्हणे.

तीन महिन्यांनी ती कामावर आली. सुरक्षा अधिकाऱ्यांनी सांगितलं, चाचणी होईल. दादाने हिच्या सांगण्यावर माल नीट उतरवला तर सेट हिच्याकडे, नाहीतर ही कोठारात. ताईने मला जिन्यापाशी गाठलं. "कोठारात दिवसभर बोलायलाच कुणी नाही रे. तिथे माझं तोंड कायमचं बंद होईल."

ही ताईच आहे, ताईच आहे, असं घोकत मी वर चढलो. दात आवळून माल हातभर उंचीपर्यंत आणला. आणि ती म्हणाली, "पाच." माझा हात दांड्यावरून निघाला. मी काढला नव्हता, आपोआप निघाला. हिची भाकरी आपल्याच हाताने जाणार!

"चार, तीन, दोन," ती मोजतच होती. मग गप्प.

एक श्वास. खाली वाकलेली ताई मला दिसल्यासारखी झाली.

"ताई," मी म्हटलं, "पुन्हा मोज."

तिने पुन्हा मोजलं. माल टेकला, आवाजसुद्धा झाला नाही. अधिकारी म्हणाले, "ठीक आहे, सेट ठेवा तुमच्याकडे." मी सुटकेचा श्वास टाकला, तेवढ्यात ताई सेटवर हळूच म्हणाली, "त्या दिवशीही मी मोजलं होतं, दादा. तुला पटावं म्हणून, तीनदा. दोननंतर थांबले की तू ओरडायला लागायचास."

जेवणाची सुट्टी झाली. बराच वेळ मी खाली उतरलोच नाही.