कपाटात ठेवायचं वायफाय

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधले किस्से जमवायचे असं मी ठरवलं नव्हतं. पण मधल्या सुट्टीत माझी मैत्रीण नौशीन एक सांगते, त्याला लागून मला दुसरा आठवतो आणि डबे तसेच राहतात.

सगळ्याचं मूळ एक डोंगल. एका संस्थेनं शाळेला वीस टॅब वापरून बघायला दिले होते. त्यांच्या मॅडम सांगून गेल्या, की परत येईन तेव्हा टॅब चालू दिसले नाहीत तर ते सोयगावच्या शाळेला देऊ. टॅबवर उघडायचे धडे आमच्या मुळे सरांच्या लॅपटॉपवर होते. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, आणि लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय बिघडलेलं. म्हणून सरांनी बोटाच्या पेराएवढा यूएसबी डोंगल आणला. तो लावून सहा कमांड दिल्या की लॅपटॉपच टॅबसाठी वायफाय सोडायचा. त्या कमांड मी शोधून काढल्या. ही माझी चूक.

* * *

सरांचा नियम असा, की तास संपला की लॅबमधली सुटी वस्तू लोखंडी कपाटात. त्यामुळे डोंगल दर तासाला निघायचा. पुन्हा लावला की नुसता लुकलुकायचा, कमांड पहिल्यापासून द्याव्या लागायच्या. मी हळूच सुचवलं, सर, तो लॅपटॉपलाच राहू द्या ना.

सर म्हणाले, "मग कपाट काय शोभेला आणलं?"

* * *

कमांड मला एकटीलाच यायच्या. आमच्याकडं प्रत्येक वर्गात स्पीकर आहे. इतिहासाच्या तासाला त्यातून सरांचा आवाज यायचा, "नववी ब मधली रेणुका. वायफाय गेलं." सगळी शाळा ऐकायची. मी मान खाली घालून जिना चढायचे.

शेवटी मी सहाही कमांड कागदावर सुवाच्य लिहून लॅबच्या भिंतीला चिकटवल्या. दुसऱ्या दिवशी स्पीकर पुन्हा वाजला.

"रेणुका, कागदावर होतं तसंच केलं. आता लॅपटॉप पण गेला."

* * *

मग मी ठरवलं, डोंगल लावला की सगळं आपोआप सुरू झालं पाहिजे. लिनक्समध्ये तसा नियम लिहून ठेवता येतो. मी लिहिला, पण फारच ढोबळ. सरांनी माउस लावला, लॅपटॉप वायफाय सुरू करायला धावला. पेन ड्राइव्ह लावला, तरी तेच.

नौशीन म्हणाली, "हा तर तुझ्या एकदम उलटा आहे यार. चारचौघांत तुझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि याला कुणी जरा हात लावला की सुरूच."

* * *

दुसरा नियम फक्त डोंगलच्या नावानं लिहिला. तेव्हा कळलं, की यूएसबीची खाच बदलली की लॅपटॉप त्याला नवंच नाव देतो. डावीकडं लावला तर चालायचा, उजवीकडं नाही. मॅडम यायला चार दिवस राहिले होते.

सरांना सांगितलं, तर सकाळी उजवीकडच्या दोन्ही खाचांवर बँडेजची पट्टी. "तुझा नियम कच्चा असू दे. माझी पट्टी लई पक्की आहे."

पुढं मला सापडलं, की प्रत्येक डोंगलला स्वतःचा न बदलणारा क्रमांक असतो. नियम त्या क्रमांकावर बांधला. पट्ट्या काढून अकरा वेळा लावून बघितला, अकराही वेळा चालला. बाराव्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

* * *

मॅडम आल्या. वीस टॅबवर धडा चालू होता. त्या शांतपणे हिंडल्या, सरांच्या टेबलापाशी थांबल्या आणि कुणाला न विचारता डोंगल उपटला.

वीसही टॅब थांबले.

"हे असं निघालं तर काय करता?" त्यांनी विचारलं आणि तो परत लावला. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी मनात आकडे मोजत होते. सातपर्यंत काहीच नाही. नऊला नौशीनच्या टॅबवर धडा आला. मग शेजारच्या, मग मागच्या रांगेत.

"कुणी केलं?"

सरांनी बोट दाखवलं. मॅडम माझ्यापुढं येऊन म्हणाल्या, "कसं केलंस, सांग बरं." मी तोंड उघडलं. आवाजच आला नाही.

"मॅडम, ती नव्या माणसांशी बोलत नाही," नौशीन म्हणाली. "लिहून देते."

मॅडमनी आपली डायरी उघडून कोरं पान माझ्यासमोर धरलं, पेन दिलं. मी लिहिलं, 'टॅब नेऊ नका.'

त्यांनी वाचलं आणि पान उलटलं.

"बरं. आता मी विचारलेलं लिही."