मायचं ताक मी बंद केलं

आमच्या रिठदला डॉक्टर शोधावा लागतो, पथ्य सांगणारा दारातच भेटतो. घरात तो मी. ऐंशीच्या घरातली माय अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलं. वाशीमला ऑपरेशन करून घरी आणली आणि त्याच दिवशी मी फर्मान काढलं : आंबट बंद! आंबटानं हाड जुळत नाही. हे मला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आमच्याकडे हे जन्मतःच ठाऊक असतं.

मायचं जेवण म्हणजे ताकात कुस्करलेली भाकर. दात तीनच, तेही समोरासमोर येत नव्हते. मी वरण दिलं, दूध दिलं. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची.

"घोटभर ताक दे नं रे बाप्पा."

"हाड जुळू दे माय, मंग बादलीभर पेजो."

"तू तं पेऊन राह्यला. मिशीले लागलं हाये."

खरंच, चुलीपाशी उभ्यानं पिऊन आलो होतो. मिशी पुसली आणि वर पथ्यावर भाषणही दिलं.

दीड महिन्यानं तपासणीला नेताना माय उचलली, तर हाताला वजनच लागेना. डॉक्टरनं एक्स-रे पाहिला. हाड जुळत होतं. "खातात काय?" मी छाती काढून पथ्य सांगितलं.

तो पाहतच राहिला. "अहो, दह्याताकातले जंतू पोटाला चांगले. मोडलेल्या हाडालाही त्यांची मदत होते का, यावर संशोधन चाललंय. पक्कं अजून नाही. पण ताकानं बिघडतं थोडंच? यांना पोटभर खाऊ द्यायचं होतं."

माय म्हणाली, "त्याले नोका बोलू, डॉक्टरसाहेब. माह्यासाठीच केलं त्यानं."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन ताक घुसळलं, भाकर अगदी बारीक कुस्करली. तिनं दोन चमचे घेतले, तिसरा ओठातून बाहेर आला. भूकच मेली होती. मी रोज करायचो, ती माझं मन राखायला जिभेला लावायची. पंधरा दिवसांत गेली.

भेटायला आलेल्या मावशीनं रडं आवरून पहिलं विचारलं, "आंबट तं नोतं न देलं?"

"दीड महिना थेंबभरही नाई."

"मंग तुयाकडून काई कमी नाई पडलं, बाबू," म्हणत तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.