साडूभाऊंची चालती शिकवणी

नंदुरबार जिल्ह्यात माझ्या साडूइतका वेंधळा मनुष्य दुसरा जन्माला आला नसेल, आणि आला असला तर तोही कुठेतरी हरवला असेल. म्हसावदच्या बाजाराला मोटारसायकलवर जायचं आणि पायी परत यायचं, हा त्यांचा नेम. जेवता जेवता पंप बंद करायला म्हणून उठत, ते शेजाऱ्याच्या पपईला पाणी सोडून येत. ताटातली भाकरी तोवर पापड झालेली असे. हाती घेतलेला प्रत्येक धंदा अर्धवट सोडून शेवटी त्यांनी शिकवणी काढली, तेव्हा मी पोट धरून हसलो. ज्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, तो पोरांना भूमिती काय शिकवणार?

पण आमच्या मुक्ताला नंदुरबारातला एकही क्लास ठेवून घेईना. पोरगी दहावीची, आणि घडीभर एका जागी टिकत नसे. सुरतच्या डॉक्टरांनी एडीएचडी आहे म्हणून सांगितलं, औषध दिलं. क्लासच्या सरांनी मात्र ‘बाकीच्यांचं नुकसान होतं’ म्हणत तिला सगळ्यांदेखत घरी पाठवलं. त्या दिवसापासून तिने पुस्तकाला हात लावला नाही. बायकोने मला न विचारता तिची रवानगी म्हसावदला बहिणीकडे केली.

रविवारी बघायला गेलो. खळ्यात वाळत घातलेल्या मिरचीभोवती साडू पुढे आणि मुक्ता मागे अशी प्रदक्षिणा चाललेली. ते शिंकत प्रश्न विचारत, ती शिंकत उत्तर देई.

“ही शिकवणी आहे की वरात?” मी ओरडलो.

“साडूभाऊ, पोर चालनी का तिन्हं डोकं चालस,” ते न थांबता म्हणाले, “तिले बसाडं का दोन्ही बंद.”

मी तोंड वाकडं केलं. मुक्ताने मात्र काठी उचलली, मातीत त्रिकोण काढला आणि अख्खं प्रमेय सिद्ध करून दाखवलं. कित्येक महिन्यांनी ती माझ्याकडे सरळ बघत होती.

साध्याच मार्कांनी, पण पास झाली. पेढे घेऊन गेलो, तेव्हा मी त्यांना विचारलं, “ही पद्धत तुम्हाला शिकवली कोणी?”

“कोणीच नही. मी आठवीमा तीनदा नापास व्हयनू. मास्तर म्हने, हाऊ दगड शे.” त्यांनी पेढा तोंडात टाकला. “दगड शे ते इतला हालस कसाले, हाई कोणी इचारंच नही.”

आणि ते हसले. सवयीने मीही हसायला गेलो, पण जमलं नाही.