गिऱ्हाइकाच्या खुर्चीत वस्ताद

वस्तादांनी एका गिऱ्हाइकाच्या अशी कानाखाली वाजवली की त्यांचाच खांदा निखळला, अशी बातमी गल्लीच्या वरच्या टोकाला सुटली. खालच्या टोकाला पोचेपर्यंत त्या गिऱ्हाइकाचे दोन दात पडले होते. वाण्याच्या मते गिऱ्हाईक पहिलवान होतं, इस्त्रीवाल्याच्या मते पोलीस. कानाखाली का वाजवली याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं: त्यानं वस्तादांना केस कसे कापायचे ते शिकवलं असणार.

खरं सांगायचं तर वस्तादांनी सलूनचं शटर खाली ओढलं, रोजच्यासारखंच. हात वर केला, कडी धरली, हिसका दिला. खांद्यात जुनी चादर फाटावी तसं काहीतरी झालं, शटर अर्ध्यावर राहिलं आणि वस्ताद खाली बसले. पण शटरनं चीत केलं असं कोण सांगत फिरणार? म्हणून "पहिलवान होता म्हणे?" असं कुणी विचारलं की वस्ताद सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "जाऊ द्या हो. झालं गेलं."

डॉक्टरांना मात्र खरं सांगावंच लागलं. ते म्हणाले, "शटरचं नाव कशाला घेता? आयुष्यभर हात असा कानाच्या उंचीला धरून काम केलंत, आतला स्नायू झिजत आला होता. आता हाडापासून सुटलाय. तो जागेवर नेऊन शिवायचा. ते माझं काम. नंतर दीड महिना हात झोळीत, अजिबात उचलायचा नाही. ते तुमचं काम. तुम्ही हात उचललात की माझी शिलाई उसवली. मग कात्री विसरा."

कात्री विसरा! वस्तादांचा चेहरा उतरला. वस्तादांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, डॉक्टरांकडे असं बघितलं, जणू त्यांनी कारंज्याला गप्प बसायला सांगितलं होतं.

कारण वस्तादांचा उजवा हात जन्मात कधी स्वस्थ बसलेला नव्हता. बोलताना त्यांची दोन बोटं हवेत कातरत असायची, कचकच, कचकच. झोपेतही उशीच्या अभ्र्याची कड कापायची. बसमध्ये पुढच्या अनोळखी माणसाच्या मानेवर एक चुकार केस दिसला की यांचा जीव वरखाली. एकदा काकूंनी मनगट धरून ठेवलं म्हणून अनर्थ टळला. आणि स्वतःच्या डोक्याला तर त्यांनी दुसऱ्या कुणाची कात्री लागू दिली नव्हती. पुढे एक आरसा, मागे एक आरसा, मध्ये वस्ताद, असा तो सोहळा चालायचा.

तर घरानं कंबर कसली. काकूंनी वरच्या फळीवरचं सगळं कमरेच्या उंचीला आणलं, चहाच्या डब्यापासून वस्तादांच्या चष्म्यापर्यंत. वस्तादांच्या सासूबाई इथेच राहतात. त्यांनी जावयाची सगळी बनियनं पुढून उभी कापली आणि बटणं लावली. "जावईबापू, नातवंडांची झबली शिवून झाली, आता तुमची. रडलात तर खुळखुळाही आणते." ऑपरेशननंतर सपाट झोपायची बंदी, म्हणून सलूनमधली मागे झुकणारी खुर्ची घरी आली. ती दारातून आत येईना. तिला आडवी, उभी, तिरकी करून बघताना वस्ताद डाव्या हातानं हुकूम सोडत होते आणि शेजारी म्हणत होते, "बघा, त्या मार खाल्लेल्या पहिलवानासाठी खुर्ची आणली."

खुर्ची आली तसं काकूंनी तालमीचं फर्मान काढलं. ऑपरेशनच्या आधी पूर्ण दिवस हात झोळीत बांधून सगळी कामं करायची. झोळी कशी बांधायची ते दवाखान्यातल्या सिस्टरनं समोर उभं राहून, स्वतःच्या उजव्या हातावर बांधून दाखवलं होतं. काकूंनी ते डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं आणि घरी तस्संच बांधलं.

तालीम झोकात झाली. वस्तादांनी दात घासले, बटणं लावली, चमच्यानं भात खाल्ला, एक शीत सांडलं नाही. वर सासूबाईंना सुईत दोरा ओवून दिला.

"उगीच बाऊ करतात लोक," ते मिशीत म्हणाले. "एका हातानं सगळं जमतं. मनाची तयारी हवी."

काकूंचे डोळे भरून आले. सासूबाईंनी सुई हातात घेतली, जावयाकडे पाहिलं, परत सुईकडे पाहिलं.

"जावईबापू, दुखतो कुठला हो हात?"

"उजवा."

"आणि हा सुई ओवणारा कुठला?"

झोळी डाव्या हाताला होती! काकूंचा तरी काय दोष? सलूनच्या आरशात बघत त्यांचा संसार झाला. समोर दिसतं ते आपल्याच बाजूचं, हे हाडीमाशी खिळलेलं. समोरच्या सिस्टरला त्यांनी आरशातली सिस्टर समजून टाकलं.

"अहो, पण तुम्हाला कळलं नाही?" काकू कडाडल्या.

"कळलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, इतकं छान चाललंय..."

वस्तादांची पुतणी (म्हणजे हे लिहिणारी; पण तिचा विषय नाही) त्या दिवसापासून "मनाची तयारी हवी" हे वाक्य अगदी त्यांच्या आवाजात, मिशीसकट म्हणू लागली. झोळी उजव्या हाताला गेली आणि वस्तादांची हवा गेली. भात मांडीवर, टूथपेस्ट कानाला. त्यातून दर थोड्या वेळानं हात झोळीतून निसटायचा. कधी माशी हाकलायला, कधी नुसताच कातरायला. काकू "हात!" म्हणून ओरडायच्या आणि तो गोगलगायीसारखा आत जायचा.

एकदा सगळे हसत असताना वस्ताद मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "हा ऐकणार नाही गं माझं. डॉक्टर शिवतील आणि हा उसवेल."

तेव्हा पुतणीनं तोंड घातलं. "काका, पैज. उद्या केस कापायचेत ना तुमचे? सिस्टर म्हणाल्यात, बारीक करून या, नंतर बरेच दिवस डोकं धुता येणार नाही. काकू कापेल. तुमचा हात वर आला तर मी जिंकले."

"आणि नाही आला तर?"

"तर त्याच खुर्चीत मी बसेन. कात्री काकूचीच."

वस्तादांनी सुटकेच्या सगळ्या वाटा तपासल्या. डाव्या हातात त्यांची कात्री केस कापेना, नुसती चावायची. समोरच्या सलूनमध्ये जायचं? "त्यापेक्षा मान कापून घेईन." राहिल्या काकू, ज्यांनी आजवर फक्त दुधाच्या पिशव्या कापल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी वस्ताद आपल्याच खुर्चीत गिऱ्हाईक होऊन बसले. काकूंनी कापड झटकलं, गळ्याशी गाठ मारली आणि थेट त्यांच्याच सुरात विचारलं, "बारीक की मध्यम?"

"देवाचं नाव घे आणि काप."

पहिल्याच कचक्याला मोठा झुपका मांडीवर पडला. वस्तादांनी डोळे मिटले.

"अगं, मागे जिना झालाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तू बोलू नकोस, मग मजले वाढतात."

"डावा कल्ला कुठे गेला?"

"इथेच होता."

पुतणीची नजर कापडाखालच्या उजव्या हातावर. कापड हललं की ती टाळी द्यायला तयार. कापड हललं नाही. वस्तादांच्या कपाळाला घाम फुटला, मिशी थरथरली, चपलेतल्या पायाच्या बोटांनी कचकच, कचकच सुरू केलं. हात मात्र झोळीत, झोपलेल्या बाळासारखा. काकूंनी मानेची कड साफ करताना कानाला कात्री टेकवली, तरी नाही.

"झालं," काकू म्हणाल्या आणि मागे आरसा धरला.

वस्तादांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. जिना पाहिला, कल्ला शोधला. मग कापडाखाली बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, जणू कुणी त्यांना राजासारखं नटवलंय.

"राहिला की गं!" ते ओरडले. "हे बघून राहिला, तर डॉक्टरांची शिलाई म्हणजे काय चीज! आता ने मला खुशाल कुठल्याही ऑपरेशनला!"

काकू हसत होत्या आणि नाक पुसत होत्या, दोन्ही एकदम.

मग वस्ताद उठले, डाव्या हातानं खुर्ची झटकली आणि पुतणीला बसायची खूण केली. वेणी सोडवली गेली. काकूंच्या हाताला आता सराव झाल्यामुळे उत्साहही आला होता. पुतणीनं हळूच विचारलं, "काकू, थोडेसेच हं?"

उत्तर काकूंनी दिलं नाही. बाजूच्या स्टुलावरून, झोळी सांभाळत, अगदी पुतणीच्या आवाजात, तिच्यासारखीच मान वेळावत वस्ताद म्हणाले, "मनाची तयारी हवी!"